वेबसाईट तर चालून राहिली, मग गुगलवर काहून दिसत नाही?

पावसाळ्याच्या तोंडावर काटोलकडच्या एका रोपवाटिकेचे मालक नागपुरात धरमपेठेत माझ्याकडे आले. सगळे त्यांना काकाजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. "हे पाहा भाऊ. वेबसाईट तर चालून राहिली. फोटो दिसून राहिले. मग गुगलवर टाकलं तर आपलं काहून नाही येत?"

मी टाकून पाहिलं. रोपवाटिकेचं पूर्ण नाव लिहिलं की वेबसाईट येत होती. पण ज्याला नावच माहीत नाही तो शेतकरी काय लिहील? "संत्रा कलम कुठे मिळेल", "जंबेरी खुंट की रंगपूर", "संत्रा लागवड अंतर". या शोधांत काकाजी कुठेच नव्हते. खरं तर या सगळ्याची उत्तरं त्यांच्या वेबसाईटवर लिहिलेली होती. कोणत्या जमिनीला कोणता खुंट (म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात ते), कलम घेताना डोळा (म्हणजे त्यावर बसवलेला संत्र्याचा कोंब) कुठे बांधलाय ते कसं बघायचं, सहा बाय सहा मीटरवर लावलं तर हेक्टरी २७७ झाडं बसतात, सगळं होतं. माहिती अस्सल होती, नुसती एकावर एक रचून ठेवलेली.

वेबसाईटची रचना म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रंग, बॅनर आणि सरकणारे फोटो येतात. गुगलसारख्या शोधयंत्राच्या लेखी रचना वेगळीच असते. कोणता मजकूर कोणत्या पानावर आहे, त्यावर मथळा कोणता, एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला वाट आहे का, मोबाईलवर तेच पान काय दाखवतं, हे सगळं म्हणजे रचना. नागपुरात छोट्या व्यवसायांच्या वेबसाईटी करताना मी हे रोज पाहतो. चांगली माहिती असलेली माणसं केवळ मांडणीपायी मागे पडतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून काकाजींच्याच वेबसाईटच्या आधारानं हे सविस्तर लिहितोय.

आधी गुगलचं काम समजून घेऊ

आपण शोधतो तेव्हा गुगल इंटरनेटभर धावत नाही. ते काम त्यानं आधीच करून ठेवलेलं असतं. त्याचा एक प्रोग्राम, ज्याला गुगलबॉट म्हणतात, एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर असा फिरत राहतो. सापडलेलं पान तो उघडतो, वाचतो, आणि त्यात काय आहे याची नोंद एका प्रचंड सूचीत होते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर, तशीच. आपण काही विचारलं की उत्तर या सूचीतून निघतं आणि शेकडो गोष्टी तोलून पानांचा क्रम लागतो.

म्हणजे पायऱ्या तीन: सापडणं, समजणं, क्रम लागणं. लोक येतात ते तिसऱ्या पायरीची तक्रार घेऊन, आणि निम्म्या वेळा गाडी पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरच अडकलेली असते. जे पान गुगलला सापडलंच नाही त्याला क्रमांक कुठून मिळणार?

मांडणीला महत्त्व देणं हे गुगलच्या अगदी जन्मापासूनचं आहे. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना, १९९८ साली, आपल्या शोधयंत्राचं वर्णन करणारा शोधनिबंध लिहिला. तेव्हा त्यांच्याकडे सुमारे २ कोटी ४० लाख पानं होती. शब्दाची नोंद करताना तो पानात कुठे आला, आजूबाजूच्या मजकुराच्या मानानं त्याचा टाईप किती मोठा आहे, हेही ते टिपत होते. पानाच्या शीर्षकात, वेबपत्त्यात किंवा लिंकमध्ये आलेल्या शब्दाला साध्या मजकुरातल्या शब्दापेक्षा वेगळ्या रांगेत ठेवत होते. आज त्या यंत्रात कितीतरी भर पडली आहे, पण शब्द कुठे ठेवलाय यालाही अर्थ असतो, ही मूळ समजूत कायम आहे.

सरांनी एच दाबला

माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची दृष्टी पूर्ण गेली आहे. ते संगणक वापरतात तो एनव्हीडीए नावाच्या मोफत प्रोग्रामवर, जो पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो. कोणतीही वेबसाईट हाती घेतली की मी ती एकदा त्यांच्याकडे नेतो. काकाजींचीही नेली.

सरांनी पान उघडलं आणि कीबोर्डवरचं एच हे बटण दाबलं. एनव्हीडीएमध्ये एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर उडी जाते. डोळस माणूस जशी पानावरून नजर फिरवतो तशी ही त्यांची नजर. यंत्र म्हणालं, पुढे मथळा नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. तेच. मग बाण दाबत दाबत ते ओळीमागून ओळ ऐकत गेले. बऱ्याच वेळानं थांबले आणि म्हणाले, "अरे, यात चांगलं लिहिलंय रे. पण हे पान आहे की गाठोडं?"

मला पडद्यावर मथळे दिसत होते. लाल, ठळक, मोठ्या अक्षरांत. पण ज्यानं वेबसाईट केली त्यानं साध्या परिच्छेदालाच मोठा टाईप आणि लाल रंग दिला होता. एचटीएमएलमध्ये, म्हणजे ज्या भाषेत वेबपान लिहिलं जातं तिच्यात, मथळ्यासाठी स्वतंत्र खुणा आहेत. एच१ ते एच६ अशा सहा पातळ्या. एच१ म्हणजे पानाचं नाव, एच२ म्हणजे त्यातले मोठे भाग, एच३ म्हणजे भागाचे पोटभाग. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र एकात मथळा कळतो आणि दुसऱ्यात फक्त रंगवलेला मजकूर.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण त्यावर लोकांकडून पैसे उकळले जातात. पानावर एच१ एकच हवा, एच२ नंतर एच३च हवा, नाहीतर गुगल शिक्षा करतं, असं सांगणारे भेटतील. गुगलनं स्वतः स्पष्ट केलंय की मथळ्यांचा क्रम चुकला तरी त्याच्या क्रमवारीला फरक पडत नाही, आणि मथळे किती असावेत याचा कोणताही जादुई आकडा नाही. मथळ्याच्या खुणेशिवायही पान कसं दिसतंय त्यावरून गुगल बराच अंदाज बांधतं. मग मी खुणांचा आग्रह का धरतो? एकतर अंदाज चुकू शकतो. दुसरं, सरांसारख्या वाचकाला पातळ्यांचा क्रम खरोखर लागतो. आणि तिसरं कारण कामातून कळलेलं: मथळे नीट द्यायला बसलं की कोणता मजकूर कशाखाली येतो याचा लिहिणाऱ्यालाच विचार करावा लागतो. काकाजींच्या पानावर "आमची वैशिष्ट्ये" या मथळ्याखाली लागवडीचं अंतर होतं. ते कुणाला सापडणार?

मथळ्याशिवाय आणखी एक शीर्षक असतं, ते पानात दिसत नाही. ब्राउझरच्या टॅबवर आणि गुगलच्या निकालात निळ्या ओळीत येतं. एचटीएमएलमध्ये त्याला टायटल म्हणतात. काकाजींच्या टायटलमध्ये एकच शब्द होता, "होम". ते बदलून "नागपुरी संत्रा कलमं: जंबेरी आणि रंगपूर खुंट, काटोल" असं केलं. सगळ्या वेबसाईटमध्ये एवढा कमी कष्टाचा आणि एवढा उपयोगी दुसरा बदल मला माहीत नाही. आपण दिलेलं टायटल पानाशी जुळत नसेल तर गुगल निकालात स्वतःच दुसरं शीर्षक बनवतं, आणि त्यासाठी पानातला मुख्य मथळा बघतं. म्हणून दोघांत मेळ हवा.

गुगल वेबसाईट दाखवत नाही, पान दाखवतं

हे एक वाक्य नीट कळलं की बाकीचं निम्मं आपोआप सुटतं. निकालात जी ओळ येते ती एका पानाची असते. स्पर्धाही पानापानांत असते.

काकाजींची वेबसाईट म्हणजे एकच लांबलचक पान होतं. वर फोटो, मग संत्रा, मग मोसंबी, लिंबू, खुंटांची माहिती, लागवड, रोग, पत्ता. मेनूवर बोट ठेवलं की त्याच पानात खाली सरकायचं. दिसायला छान. पण "मोसंबी कलम" शोधणाऱ्यासाठी हे पान सातातला एक भाग मोसंबीचं, आणि समोर जी पानं आहेत ती अथपासून इतिपर्यंत मोसंबीची. लांब पानातला एखादा परिच्छेद हेरून त्याला महत्त्व द्यायची सोय गुगलनं फेब्रुवारी २०२१मध्ये सुरू केली, तीही आधी अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांसाठी. तिच्या भरवशावर मी तरी बसणार नाही. शिवाय एका पानाला टायटल एकच असतं. सात विषय एका टायटलमध्ये कसे मावणार?

मग किती पानं करायची? काकाजींना मी सांगितलं, आठवडाभर फोनवर लोक जे विचारतात ते वहीत उतरवा, त्यांच्याच शब्दांत. त्यांनी रोपवाटिकेच्या हिशोबाच्या वहीतच मागच्या पानांवर लिहून आणलं. "कलम केवढ्याला." "खुंट कोणता हाय." "काळ्या जमिनीत कोणतं चालते." "मृगात फळ धरायचं का आंबियात." "पान पिवळं पडून राहिलं, काय टाकू." ती वही माझ्यासाठी कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा मोलाची होती. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आणि प्रत्येक गटाला एक पान दिलं. संत्र्याची कलमं आणि दर. खुंट कसा निवडायचा. लागवडीचं अंतर आणि खड्डे. मृग आणि आंबिया हे संत्र्याचे दोन बहार. डिंक्या आणि इतर रोग. मोसंबी. लिंबू. पोहोचायचं कसं.

पान वेगळं करायचं की नाही याची माझी कसोटी साधी आहे. हा एकच प्रश्न घेऊन आलेला माणूस या एका पानावर समाधान होऊन परत जाईल का? जाईल तर पान करा. सांगायला चारच ओळी असतील तर ते दुसऱ्या पानाचा एक भाग राहू द्या.

याच्या उलट टोकाची चूकही मी पाहतो. कुणीतरी सल्ला देतं की काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, वरुड, मोर्शी अशा प्रत्येक गावासाठी पान करा, मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदला. याला डोअरवे पानं म्हणतात आणि ती गुगलच्या स्पॅम धोरणात थेट मोडतात. एका दुकानाला सहा दारं रंगवून आत तीच खोली दाखवण्यातला हा प्रकार. वरुडच्या शेतकऱ्याला वेगळं काही सांगायचं असेल, तिथवर कलमं पोहोचवण्याची सोय, गाडीभाडं, तर जरूर वेगळं पान करा. नाहीतर नको.

वाटा

पानं झाली, आता त्यांच्यापर्यंत वाट हवी. गुगलबॉट लिंकांवरून चालतो. बटण दाबत नाही, फॉर्म भरत नाही. काकाजींच्या जुन्या वेबसाईटवर "वाण पाहा" असं एक सुंदर हिरवं बटण होतं. ते खरी लिंक नसून जावास्क्रिप्टनं, म्हणजे पानात हालचाल घडवणाऱ्या कोडनं, चालणारं बटण होतं. माणसानं दाबलं की माहिती उघडायची. गुगल ते दाबणारच नव्हतं, त्यामुळे त्यामागचा मजकूर त्याच्या लेखी जन्मालाच आला नव्हता.

मी नागपूर मेट्रोचं उदाहरण देतो. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज लाईन, प्रजापती नगर ते लोकमान्य नगर ही अॅक्वा लाईन, आणि दोन्ही भेटतात सीताबर्डीला. कुठूनही निघा, सीताबर्डीला आलात की कुठेही जाता येतं. मुख्य पानाचं काम तेच. तिथून प्रत्येक महत्त्वाच्या पानावर एक-दोन टप्प्यांत जाता आलं पाहिजे. पाच क्लिक खोल गाडलेलं पान माणसाला सापडत नाही, आणि वेबसाईटच्या मालकालाच ते फारसं महत्त्वाचं वाटत नाही असा अर्थ यंत्रही काढू शकतं. ज्याच्यावर कुठूनच लिंक नाही ते पान तर रूळ न पोहोचलेल्या स्टेशनासारखं.

पण वेबसाईटला मेट्रोपेक्षा एक सवलत आहे. कोणत्याही दोन पानांना थेट जोडता येतं. खुंटाच्या पानावर डिंक्याचा उल्लेख आला की तिथल्या तिथे डिंक्याच्या पानाची लिंक द्या. आणि लिंकचे शब्द जपून निवडा. "अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा" हे मराठी वेबसाईटींवरचं सगळ्यात वाया गेलेलं वाक्य आहे. लिंक ज्या शब्दांवर असते त्या शब्दांवरून गुगल पलीकडच्या पानाचा विषय ताडतं. "येथे" या शब्दावरून काय ताडणार? "डिंक्या रोगाची लक्षणं" असं लिहा. सरांनाही त्याचा फायदा. ते नुसत्या लिंकांची यादी ऐकतात तेव्हा "येथे, येथे, येथे" असं कानावर पडत नाही.

सगळ्या पानांची एक साईटमॅपची फाईल करून गुगलला देता येते. ती द्यावी, पण लिंकांना ती पर्याय नव्हे.

मोबाईलवर जे नाही ते नाहीच

गुगलनं २०१६मध्ये जाहीर केलं की यापुढे तो पानाची मोबाईलवरची आवृत्ती प्रमाण मानेल. बदल हळूहळू करत ऑक्टोबर २०२३मध्ये तो पूर्ण झाल्याचं त्यानं सांगितलं. याचा अर्थ बऱ्याच जणांच्या अजून डोक्यात उतरलेला नाही. ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर जे दिसतं त्याला गुगलच्या सूचीत जवळपास स्थान नाही.

काकाजींच्या वेबसाईटवर मोबाईलसाठी जागा वाचवायची म्हणून लागवडीचा अख्खा भाग काढून टाकलेला होता. जी माहिती शेतकरी शोधतो नेमकी तीच. मोबाईलवर मजकूर घडी करून ठेवणं, म्हणजे मथळ्यावर टिचकी मारली की खाली उलगडेल असं करणं, चालतं. तो मजकूर पानात आधीपासून असेल तर गुगल तो वाचतं. पण टिचकी मारल्यावरच जो सर्व्हरवरून येतो तो गुगलपर्यंत पोहोचत नाही.

मराठी वेबसाईटींचं खास दुखणं

हे मला सगळ्यात पोटतिडकीनं सांगायचंय, कारण इंग्रजीतल्या सल्ल्यांत ते सापडत नाही.

काकाजींकडे सोळा पानांची एक पुस्तिका होती, संत्रा लागवडीवर. त्यांनी स्वतः कित्येक वर्षांच्या अनुभवातून लिहिलेली, सीताबर्डीत छापून घेतलेली. तिची पीडीएफ वेबसाईटवर ठेवली होती. उघडली तर सुरेख मराठी. मी त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअॅपवर काकाजींनाच पाठवली. त्यांच्या फोनवर इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची खिचडी उमटली. ते माझ्याकडे बघत राहिले. "हे मी लिहिलं?"

छपाईच्या दुकानांत अजूनही जुने फॉन्ट सर्रास वापरले जातात. त्या फॉन्टांत मराठी अक्षर हे खरं मराठी अक्षर नसतं. आतमध्ये असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो. देवनागरीला प्रत्येक अक्षरासाठी स्वतंत्र अंक देणारं युनिकोड १९९१पासून आहे, आणि गुगलला मराठी कळते ती फक्त त्यातली. जुन्या फॉन्टातला मजकूर त्याच्यासाठी मराठी नाहीच. काकाजींची आयुष्यभराची विद्या तिथे पडून होती आणि एकाही शोधात ती लागणं शक्य नव्हतं. तुमच्या वेबसाईटवरही करून पाहा: एक ओळ कॉपी करा आणि दुसरीकडे चिकटवा. मराठीच उमटली तर ठीक.

दुसरं दुखणं फोटोंचं. दरपत्रक, वेळापत्रक, सूचना, सगळं एका रंगीत चित्रात करून टाकायची आपल्याकडे सवय आहे, कारण तेच चित्र व्हॉट्सअॅपवरही जातं. चित्रातल्या अक्षरांवर शोधासाठी विसंबू नये. सरांना तर ती आपोआप ऐकू येत नाहीत. चित्र असू द्या, पण तोच मजकूर खाली टाईप करा. आणि प्रत्येक फोटोला ऑल्ट मजकूर द्या, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी छोटी ओळ. "जंबेरी खुंटावर डोळा बांधलेलं संत्र्याचं कलम", अशी.

तिसरं, एकाच पानावर मराठी परिच्छेद आणि लगेच खाली त्याचं इंग्रजी भाषांतर. पानाची भाषा गुगल दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं आणि असं शेजारी-शेजारी भाषांतर टाळा असंच तो सांगतो. दोन भाषा हव्या असतील तर दोन पानं करा आणि ती एकमेकांची भाषांतरं आहेत हे कोडमध्ये नोंदवा.

पानाचा पत्ता मराठीत ठेवावा का, हे मला नेहमी विचारतात. गुगलला देवनागरी पत्ता चालतो. पण तो पत्ता कॉपी करून पाठवला की बरेचदा टक्क्याच्या चिन्हांची माळ होते. देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला त्या रूपात नऊ चिन्हं लागतात. "नागपूर" लिहायला न, काना, ग, प, ऊकार, र अशी सहा चिन्हं, म्हणजे पत्त्यात ५४. पत्त्यातल्या शब्दांना क्रमवारीत तसंही फार थोडं वजन आहे, म्हणून मी छोटा रोमन पत्ता ठेवतो, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन. यात दुसरं मत असू शकतं.

वेग, आणि हलणारं पान

मुख्य फोटो काकाजींच्या मुलानं बागेत काढलेला, सरळ फोनमधून वर चढवलेला, पाच एमबीचा. धरमपेठेत वायफायवर चटकन दिसतो. बागेत उभं राहून, रेंजची एखाद-दुसरी काडी असताना, तो वरून खाली इंचाइंचानं उतरतो.

गुगल वेगाची तीन मापं घेतं. पानातला सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा. बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत पानानं प्रतिसाद द्यावा. आणि उघडताना पान जागचं हलू नये, त्याचा गुण ०.१ किंवा त्याच्या आत असावा. हे मोजमाप क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या अनुभवातून येतं आणि शंभरातल्या पंचाहत्तर भेटी तरी या मर्यादेत बसाव्यात अशी अपेक्षा असते. पान हलणं म्हणजे काय ते सगळ्यांनी भोगलंय. आपण फोन नंबरवर बोट टेकवायला जातो, तेवढ्यात वरचा फोटो उतरतो, सगळं खाली सरकतं आणि बोट भलतीकडे पडतं. फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये आधीच लिहिली की ब्राउझर जागा राखून ठेवतो. फोटो लहान करून, लांबी-रुंदी लिहून, सरकणारं बॅनर काढून टाकलं, एवढ्यानं काम झालं.

वेगाचं वजन मात्र अवाजवी समजू नका. उत्तर चांगलं असलेलं थोडं संथ पान, उत्तर नसलेल्या वेगवान पानाच्या पुढे जाऊ शकतं. मांडणीचंही तसंच. दुसऱ्या वेबसाईटींनी तुमचा उल्लेख केलाय का, मजकूर खराखुरा तुमचा आहे का, हे मांडणीनं भरून निघत नाही.

काही गोष्टींवर वेळ घालवू नका. मेटा कीवर्ड्स नावाची शब्दांची यादी गुगल क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यानं २००९मध्येच सांगितलंय. तरी आजही ती भरून देण्याचे पैसे घेतले जातात. स्कीमा नावाच्या खुणा, ज्या २०११मध्ये गुगल, बिंग आणि याहू यांनी मिळून आणल्या, त्या दुकानाचा पत्ता, वेळ, फोन यंत्राला नेमका सांगायला चांगल्या. लावल्या की क्रमांक वर जातो, असं मात्र नाही.

जुने पत्ते

हे मी स्वतः चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका शिकवणी वर्गाची वेबसाईट मी नव्यानं मांडली. सगळ्या पानांचे पत्ते सुटसुटीत केले आणि जुने पत्ते नव्यांकडे वळवायला विसरलो. गुगलच्या सूचीत जुने पत्ते होते, त्यांवर क्लिक केलं की "पान सापडलं नाही". इतर वेबसाईटींनी दिलेल्या लिंकाही कोरड्या पडल्या. प्रवेशाच्या ऐन दिवसांत त्यांचे फोन थांबले. ती सल अजून आहे. घर बदलल्यावर पोस्टात पत्ता बदलून देतात, तसं इथे ३०१ नावाचं कायमचं वळण द्यावं लागतं. प्रत्येक जुन्या पत्त्याला, त्याच विषयाच्या नव्या पानाकडे. सगळे मुख्य पानाकडे ढकलून चालत नाही.

काकाजींचं नवं काम सुरू करताना मी पहिल्याच दिवशी जुन्या पत्त्यांची यादी काढली. ती छोटी होती, पुस्तिकेची पीडीएफ आणि दोन-तीन फोटोंची पानं. काम झाल्यावर सर्च कन्सोल या गुगलच्या मोफत साधनात प्रत्येक नवं पान तपासलं. तिथे गुगलला पान कसं दिसतं, सूचीत गेलं की नाही, कोणत्या शोधांवर ते दाखवलं गेलं, सगळं कळतं. बदल दिसायला काही दिवसही लागतात, काही महिनेही. काकाजींना हे आधीच सांगून ठेवलं होतं.

सर्वांत आधी खुंटाचं पान दिसू लागलं, "काळ्या जमिनीत कोणता खुंट" अशासारख्या शोधांवर. वहीतलाच प्रश्न तो. मग सरांकडे पुन्हा गेलो. त्यांनी एच दाबला, "खुंट कसा निवडायचा, मथळा पातळी दोन" असं ऐकलं, पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, आणि लागवडीच्या भागावर थांबून पूर्ण ऐकलं. मला म्हणाले, "सहा मीटर ना? आमच्या शेतात बाबांनी वीस फूट धरलं होतं. एकच झालं."

पुस्तिकेचं काम अजून चालू आहे. काकाजींची मुलगी संध्याकाळी फोनवर बोलून ती युनिकोडमध्ये उतरवते, मग काकाजी चष्मा लावून तपासतात, कारण फोन "डिंक्या" ऐकून भलतंच काही लिहितो. सोळापैकी नऊ पानं झाली आहेत. पुढचं डिंक्याचंच घ्यायचं ठरलंय. पाऊस लागला की लोक तेच शोधतात.